कार्यानुभवाचा तास गणिताला का देता?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

जपानच्या शाळांचे कौतुक करणारे मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतायत, मुलं स्वतः वर्ग झाडतात, संडास धुतात वगैरे. ते ठीकच आहे, पण तिकडच्या टाइमटेबलमधे जो एक विषय आहे त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र. तिथं पाचवी-सहावीला ‘कातेइका’ नावाचा विषय असतो म्हणजे आपल्या भाषेत घरकाम आणि घरखर्च समजा. पाचवीला वर्षाला ६० तास, सहावीला ५५, तास ४५ मिनिटांचा. आणि तो मुलामुलींना सारखाच, ऑप्शनला टाकायची सोय नाही.

त्यात काय शिकवतात तर भात शिजवणं, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं), बटाटे उकडणं, पालेभाजी उकळून घेणं. या वयाच्या पोरांच्या हातात कच्चं मांस-मासे द्यायचे नाहीत हेसुद्धा अभ्यासक्रमातच लिहिलंय, म्हणजे विचार किती बारीक केलाय बघा. मग सुईदोरा, बटण लावणं, मशीनवर सरळ शिलाई मारून पिशवी शिवणं. दुकानातून वस्तू विकत घेतली की तो पण एक करार असतो हे पण याच विषयात येतं. पुढं माध्यमिकला (तिकडं सातवी ते नववी) गेल्यावर लहान मुलांची वाढ कशी होते ते शिकवतात आणि बालवाडीतल्या पोरांमधे नेऊन बसवतात, चौदा वर्षांच्या मुलांना! आणि हायस्कूलला (दहावी ते बारावी) २०२२ पासून याच विषयात बचत आणि गुंतवणूक आली, म्युच्युअल फंडासकट, कारण त्याच वर्षी तिकडं सज्ञान व्हायचं वय २० वरून १८ वर आलं.

आता कोणी म्हणेल की त्यांची संस्कृतीच तशी. अजिबात नाही हो. १९५८ च्या अभ्यासक्रमाने तिथं माध्यमिकला मुलांना सुतारकाम-यंत्रं आणि मुलींना स्वयंपाक-शिवण अशी सरळ वाटणी करून टाकली होती, आणि १९७३ पासून हायस्कूलला हा विषय फक्त मुलींना सक्तीचा झाला. त्याच्याविरुद्ध बायका वर्षानुवर्षं भांडल्या. शेवटी स्त्रियांबाबतचा भेदभाव संपवायचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८५ ला मंजूर करायचा होता, त्यात मुलामुलींना सारखाच अभ्यासक्रम हवा अशी अट, तेव्हा कुठे सरकार हललं. १९८९ ला अभ्यासक्रम बदलला आणि प्रत्यक्षात १९९३ ला माध्यमिकला, १९९४ ला हायस्कूलला मुलं पण एप्रन घालून उभी राहिली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाहीये ही. फिनलंडमधे पण सातवीला हा विषय सगळ्यांना आहे.

आणि उगाच स्वर्ग दाखवायचा नाहीये मला. जपानचे पुरुष आजही घरकामात मागेच आहेत, ऑफिसात रात्री उशिरापर्यंत थांबायची पद्धत असली तर सूप करता येऊन उपयोग काय. पण निदान येत नाही हे कारण तरी देता येत नाही ना.

आपल्याकडं काय? कार्यानुभव, म्हणजे हाताने काम करून शिकायचा विषय, आहे की, पण कागदावर. गांधीजींनी १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, म्हणजे ही कल्पना काही बाहेरून आणायची नाहीये, आपल्याच राज्यातून निघालीय. पण परीक्षा जवळ आली की हा तास गणित नाहीतर विज्ञानाला जातो, आणि प्रोजेक्ट म्हणजे रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानात क्रेप पेपर शोधायचा आणि फुलं आईने करायची, मार्क मुलाला. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र टाकलं होतं, मला फार आवडलं होतं ते. पण चित्रातल्या बाबांनी भाजी निवडून वर्गातल्या मुलाला चाकू धरता येत नाही!

आता शाळेत एआय आणायचं चाललंय. आणा की, पण ते आणताना पुन्हा याच तासावर डोळा ठेवू नका एवढंच म्हणणं आहे. खर्चाचं म्हणाल तर सुई, दोरा, बटणं याला असा किती खर्च येतो? भाताचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांमधे पोषण आहाराची खिचडी शाळेतच शिजते, पाचवीची पोरं आठवड्यातून एकदा तांदूळ निवडायला, पाणी मोजायला ताईंच्या हाताखाली बसली तर काय बिघडतं, शेगडीपासून लांब ठेवा हवं तर. खरी अडचण मला वेगळीच दिसते. हा तास कुठल्याही सरांना द्यायला गेलं तर ते म्हणणार, मॅडमना द्या, त्यांना येतं. तेव्हा शिक्षकांचं ट्रेनिंग घ्याल तेव्हा पहिली बॅच सरांची घ्या.

आपली,
एक वाचक, नाशिक