मिस्त्री काका, पाना उचलायच्या आधी तुम्ही विचारलंत

आदरणीय मिस्त्री काका,
सा. न.

त्या दिवशी निघताना मी नुसतं "येते काका" म्हणाले आणि गाडीत बसले. रात्र झाली होती, आई दमली होती, देवरुखला माणसं जेवायची खोळंबली होती. साखरपा मागे पडल्यावर लक्षात आलं की आपण धड आभारही मानले नाहीत. तुमच्याकडे साधा फोन आहे, तेव्हा हे तुमचा भाचाच तुम्हाला वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितेय तेही मुद्दाम. ज्यांच्या दारात अजून टोयोटाची जुनी क्वालिस उभी आहे, त्यांना तुम्ही काय केलंत आणि कोणत्या क्रमाने केलंत ते कळायला हवं.

गाडी बाबांची. 2003 सालची, 2.4 लिटरच्या डिझेल इंजिनाची. क्वालिस भारतात आली 2000 साली आणि 2005 च्या सुरुवातीला इनोव्हासाठी बंदही झाली, पण आमच्या घरी ती राहिली. पंधरा वर्षं झाल्यावर 2018 ला आणि मग पुन्हा 2023 ला आरटीओत नेऊन तिचं पासिंग करून घेतलं. बाबा गेले, तरी तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवला की आईला बरं वाटतं, म्हणून मी ती विकत नाही.

क्लचचं दुखणं वर्षभराचं होतं. इंजिन बंद असताना पाचही गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडायचे. इंजिन सुरू केलं की पहिला अडायचा आणि रिव्हर्स तर करकरून अख्खी सोसायटी जागी करायचा. आमच्या शहरातल्या एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळा सेट नवा घातला. सतरा हजार दिले. करकर तशीच. "नवीन सेट आहे, बसायला वेळ लागतो," असं सांगितलं गेलं आणि मी ते मान्य केलं, कारण मला काही कळत नव्हतं.

मग तो दिवस. आंबा घाट उतरून खाली आलो, पुढे एक लादलेला ट्रक, त्याच्या मागे थांबत थांबत चालले होते. क्लच पूर्ण दाबलेला, गाडी पहिल्या गिअरात, उजवा पाय ब्रेकवरून जरा सैल केला तर गाडी आपोआप ट्रककडे सरकायला लागली. क्लच दाबलेला असताना! ब्रेक मारला, इंजिन बंद पडलं. त्यानंतर क्लचचं पेडल खालीच राहिलं. पायाचा चवडा खाली घालून ते वर ओढावं लागत होतं. चार-पाच झटके देऊन दुसरा गिअर कसाबसा पडला, त्यावरच गाडी तुमच्या शेडपर्यंत आणली. आई तोवर एक शब्द बोलली नव्हती, नुसती हँडल धरून बसली होती.

काका, मी उतरताच सांगून टाकलं, "क्लच प्लेट गेलीय बहुतेक, परत." दुसऱ्या कुणी लगेच जॅक लावला असता. तुम्ही आधी आईसाठी फणसाखाली खुर्ची टाकायला लावलीत, पाणी दिलंत आणि मग मला विचारलंत, "ताई, चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही, असं होतं काय?" नाही. "जळका वास?" नाही. "मग मला सांगा, पेडल झटकन मारलं तर गिअर पडतो आणि सावकाश दाबलं तर पडत नाही, असं आहे काय?"

अगदी तसंच होतं. वर्षभर मी नकळत पेडलवर पाय आपटत होते. झटका दिला की गिअर पडतो हे पायाला कळलं होतं, डोक्याला नाही. आणि हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारला नव्हता.

तुम्ही सांगितलेला फरक मी आता सगळ्यांना सांगते. प्लेट झिजली की क्लच घसरतो : इंजिन फिरतं, चाकापर्यंत जोर पोचत नाही. आमचं उलटं होतं. क्लच सोडतच नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स पुरते वेगळे होत नव्हते. तिसऱ्या गिअरात हँडब्रेक ओढून तुम्ही क्लचचं पेडल सोडलंत, इंजिन धाडकन बंद. "प्लेट चांगली धरतेय. बसवलीय पण नीट त्यांनी," म्हणालात. ज्यांच्यामुळे माझे सतरा हजार गेले त्यांना तुम्ही एक वावगा शब्द बोलला नाहीत, हेही माझ्या लक्षात राहिलंय.

मग बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी बघितलीत. पातळी पुरेशी, रंग मात्र काढ्यासारखा. पेडलच्या वरचा गालिचा उचलून मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारं नळकांडं) मागे बोट फिरवलंत, कोरडं. गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलेंडरचं (त्या दाबाने रॉड ढकलून क्लच सोडवणारं दुसरं नळकांडं) रबरी बूट मागे सारलंत, तिथेही कोरडं. तेल कुठूनही बाहेर येत नव्हतं.

यानंतर जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. स्टीलची पट्टी स्लेव्हच्या रॉडला लावून धरलीत आणि मला पेडल तळापर्यंत दाबून ठेवायला सांगितलंत. मग भाच्याने माझ्या जागी बसून पेडल दाबलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. रॉड जेमतेम एक सेंटिमीटर पुढे आला. आणि पेडल तळाशीच असताना तो हळूहळू, अगदी घड्याळाच्या काट्यासारखा, परत आत सरकायला लागला. तुम्ही टॉर्च धरून गप्प होतात. मग रबरी पाइपाला फडकं गुंडाळून वाइसग्रिपने (घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) तो दाबून बंद केलात आणि पुन्हा पेडल मारायला सांगितलंत. पेडल तरीही खाली बसलं. पाइप बंद, म्हणजे स्लेव्हकडे तेल जाऊच शकत नाही, तरी पेडल बसतंय. "झालं. मास्टर," एवढंच म्हणालात.

मला कळेना की तेल सांडत नाही तर दाब जातो कुठे. तुम्ही इंजेक्शनच्या सिरिंजचं उदाहरण दिलंत. दट्ट्याचं रबर झिजलं की दाबलेलं औषध सुईतून जायच्या ऐवजी दट्ट्याच्या बाजूने मागे येतं. मास्टरमध्ये तेच चाललं होतं : तेल रबराला वळसा घालून परत डबीत. म्हणून पातळी कमी होत नव्हती, म्हणून झटका दिला की तेलाला मागे पळायला वेळ मिळत नव्हता आणि गिअर पडत होता. वर्षभराची प्रत्येक खूण त्या एका वाक्यात बसली.

सिलेंडर खोलून तुम्ही सर्कलिप (पिस्टन अडवून धरणारी कडी) काढलीत, पिस्टन काढलात आणि नळकांडं माझ्या हातात दिलंत. "नख फिरवा आतून." खालच्या बाजूला बारीक खड्डे लागले, खरखरीत. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं, ते पाणी तळाशी राहून गंज धरतो, गंजावरून रबर घासलं की त्याची कड कापली जाते. नवं डॉट 3 दर्जाचं तेल 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही आणि पाणी प्यालेलं 140 लाही उकळू शकतं, हे मी नंतर वाचलं. गेली कित्येक वर्षं आमच्या गाडीत कुणी तेल बदललंच नव्हतं, नुसती भर घातली होती. मीही कधी विचारलं नव्हतं.

खरे आभार आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. मास्टरच्या नव्या रबरांचं किट तुमच्या कपाटात होतं. ते घालून तासाभरात मला वाटेला लावता आलं असतं आणि मी आनंदाने पैसे देऊन गेले असते. तुम्ही म्हणालात, "या खड्ड्यांवर नवं रबर किती दिवस टिकणार? आईंना घेऊन परत घाट चढायचाय तुम्हाला." आणि रत्नागिरीला फोन करून अख्खा मास्टर आणि नवा पाइप संध्याकाळच्या एसटीने मागवलात. तोवर स्लेव्ह उघडून त्याचं रबर बदललंत, कारण नव्या मास्टरचा दाब जुन्या रबराला सोसणार नाही. तेवढ्यात काकूंनी आम्हा दोघींना कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. आईने त्या दिवशी प्रथमच पोटभर खाल्लं.

तेलात अडकलेली एअर, म्हणजे हवा, काढायला बसलो तेव्हा अंधार पडला होता. "दाबा. धरा. सोडू नका... आता सोडा." किती वेळा ते मी मोजलं नाही. बाटलीतल्या नळीतून आधी काळं तेल, मग दुधासारखं फेसाळ, मग बुडबुडे, आणि तरी पेडल मऊच. तेव्हा तुम्ही खाली झोपूनच स्लेव्हचा रॉड हाताने आत रेटलात आणि वर डबीत बुडुक बुडुक आवाज करत उरलेली हवा निघाली. पुढच्या दाबाला पेडल माझ्या पायाखाली घट्ट झालं. वर्षभरात विसरूनच गेले होते की क्लच असा लागतो. डोळ्यांत पाणी आलं, अंधार होता म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

शेवटी पेडल बोटाने हलवून दाखवलंत, की थोडीशी मोकळी चाल ठेवायचीच. ती नसेल तर तेलाला परत यायचं भोक झाकलेलं राहतं, दाब अडकतो आणि चांगली प्लेटही घसरून जळते. बॉनेटखाली सांडलेले थेंब पाण्याने धुतलेत, नाहीतर रंग सोलतो म्हणून. मजुरीचे आठशे सांगितलेत. मी हजार पुढे केले तर दोनशे आईच्या हातात परत ठेवलेत.

परतताना आंबा घाट चढलो. प्रत्येक वळणाला दुसरा गिअर एका बोटाने पडत होता. आई म्हणाली, "ह्यांच्या वेळेस अशीच चालायची."

जुना मास्टर माझ्या टेबलावर आहे. तेल बदलल्याची तारीख डबीच्या शेजारी पट्टीवर लिहून चिकटवली आहे, दोन वर्षांनी पुन्हा बदलीन. गणपतीला देवरुखला यायचंय, तेव्हा थांबते. आईने काकूंसाठी गुळाची ढेप बाजूला काढून ठेवलीय. आणि काका, तुमचा दहाचा पाना माझ्या सीटखाली राहिला होता. पुसून, फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. भाच्याला सांगा, शोधत बसू नकोस.

तुमची,
क्वालिसवाली ताई