म म्हणजे मिसळ नव्हे

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो पुतणीमुळे. आठवीत आहे, रोज संध्याकाळी बीजगणिताची वही घेऊन माझ्यासमोर ठाण मांडते. परवा म्हणाली, "काका, 3अ + 2ब म्हणजे 5अब का नाही?" मी आपलं शाळेतलंच सांगून टाकलं, "तीन आंबे आणि दोन बोरं यांची बेरीज होते का?" ती म्हणाली, "मग अब म्हणजे आंबा गुणिले बोर?" बोलतीच बंद! आपण दोघं इतकी वर्षं तेच आंबे खात बसलोय की रे.

आज सकाळी वहिनी, ती आणि मी मिसळ खायला गेलो. फळ्यावरचे भाव पुसलेले होते, बरंच झालं. तिला म्हटलं, म म्हणजे मिसळ नव्हे, मिसळीचा भाव. प म्हणजे जादा पावाचा भाव. आकडा आपल्याला ठाऊक नाही, पण आहे तो आकडाच, म्हणून आकड्यांचे सगळे नियम त्याला लागू. माणशी एक मिसळ, दोन जादा पाव, म्हणजे 3(म + 2प). गल्ल्यावरचा माणूस मिसळी वेगळ्या, पाव वेगळे मोजतो: 3म + 6प. बिल तेवढंच. हाच वितरण नियम. "आणि 9मप का नाही?" म 100 धर, प 5 धर, म्हटलं. खरं बिल 330 आणि 9मप चे साडेचार हजार! पोरगी पाव हातात धरून हसत सुटली.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त 135 ला 12 ने गुणताना 12 चे 8 आणि 4 असे तुकडे केलेत: 1080 आणि 540, मिळून 1620. नियम तोच. आणि बीजगणितात अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणतात. जितकं असेल तितकं! या नावात कुठे आंबा आहे, सांग.

क्रमनिरपेक्षतेला, म्हणजे क्रम बदलला तरी गुणाकार तोच, याला वेळच लागला नाही. बागेत 40 ओळी, ओळीत 60 वेली. आडवं मोज नाहीतर उभं, 2400 च. (क्रम बदलला की गुणाकार बदलणाऱ्या राशी आयरिश गणिती हॅमिल्टनने 1843 साली काढल्या, पण ते मी गिळून टाकलं.)

घोडं अडतं ते कंसाबाहेरच्या वजाशी. 100 − (30 + 20) सोडवताना तिने कंस काढला आणि लिहिलं 100 − 30 + 20, उत्तर 90. शंभरातून दोन खर्च केले आणि दुसरा खर्च खिशात परत आला! तसंच (अ + ब)² चं. तिने अ² + ब² लिहिलं. मी 3 आणि 4 घालायला लावले: 49 हवेत, आले 25. उरलेले 24 शोधायला तिने स्वतःच चौरस काढला, त्यात दोन रेघा मारल्या आणि 3 × 4 चे दोन आयत सापडल्यावर ओरडली. आपल्याला यासाठी छड्या खाव्या लागल्या होत्या, आठवतं?

दिवाळीत ये. चौघं होऊ, म्हणजे 4म + 8प. बिल तुझ्याकडे.

तुझा,
बाळ्या