वेळापत्रक छापण्यापूर्वी प्रवाशांना विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रादेशिक रेल्वेसेवेविषयी वृत्तपत्रांकडे येणाऱ्या पत्रांत गाडी उशिरा येते, डबे अपुरे पडतात, फलाटावर छत नाही, अशा तक्रारी असतात आणि त्या बहुतेक खऱ्याच असतात. मला मात्र या तक्रारी कोणत्या टप्प्यावर ऐकल्या जातात, याविषयी लिहायचे आहे. वेळापत्रक ठरते, छापले जाते, लागू होते आणि त्यानंतर प्रवाशांचे निवेदन स्वीकारले जाते. तोवर रेकची, म्हणजे गाडीच्या जोडलेल्या डब्यांच्या संचाची फिरती, चालक आणि गार्ड यांच्या पाळ्या, रुळांच्या देखभालीसाठी राखलेला वेळ हे सारे एकमेकांत इतके गुंतलेले असते की, निवेदन घेणाऱ्या अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. अशा एका बैठकीला काही वर्षांपूर्वी मी हजर होतो. बैठक सकाळी अकराची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी ती बोलावली होती ते सगळे त्या वेळी कामावर होते. आलेल्या पाच-सहा जणांचे चहापान झाले, निवेदनाची पोच मिळाली. पुढे त्या निवेदनाचे काय झाले, ते आजतागायत कळलेले नाही.

हा क्रम उलटा करता येतो, याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंड आहे. तेथे नवे वेळापत्रक डिसेंबरमध्ये लागू होते. पण त्याचा मसुदा काही महिने आधीच लोकांपुढे ठेवला जातो आणि कोणाही नागरिकाला त्यावर आपले म्हणणे नोंदवता येते. ही मते कॅंटनकडे, म्हणजे तेथील प्रांतिक शासनाकडे जातात. प्रादेशिक गाड्या केंद्र आणि कॅंटन मिळून ठरवतात आणि त्यांची तूटही दोघे मिळूनच भरून काढतात, त्यामुळे लोकांचे मत नेमके पैसे देणाऱ्याच्या टेबलावर पोहोचते. प्रत्येक सूचना मान्य होते असे अर्थातच नाही, परंतु ती नाकारण्याची वेळ येते तेव्हा वेळापत्रकाची शाई वाळलेली नसते.

यावर रेल्वेच्या बाजूने एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांचे क्रॉसिंग ठरावीक स्थानकांवरच होऊ शकते. एक गाडी दहा मिनिटे पुढे ढकलली की ते क्रॉसिंग दुसऱ्या स्थानकावर जाते, तेथे लूप लाइन, म्हणजे एक गाडी बाजूला उभी करण्यासाठीचा जादा रूळ, नसेल तर समोरची गाडी अडकते आणि एका गावाची सोय तीन गावांची गैरसोय होऊन बसते. एक जादा थांबा म्हणजे केवळ गाडी उभी राहण्याचे एक मिनिट नसते. वेग कमी करण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेळही त्यात धरावा लागतो. हे सगळे खरे आहे. पण या अडचणी प्रवाशांना कधी कोणी समजावून सांगतच नाही. शाळा सुटण्याची वेळ, आठवडी बाजाराचा दिवस, रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग बंद होण्याची वेळ हे गावाला माहीत असते; क्रॉसिंग, रेक आणि पाळ्या रेल्वेला माहीत असतात. दोन्ही माहिती एका टेबलावर आल्याशिवाय चांगले वेळापत्रक तयार होईल तरी कसे?

तिकीटविक्रीचे आकडे ही उणीव भरून काढू शकत नाहीत. जो प्रवास करतो तो आकड्यांत येतो. जोडगाडी पाच मिनिटांनी चुकते म्हणून ज्याने रेल्वे सोडली, पादचारी पूल चढता येत नाही म्हणून जी वृद्ध बाई स्थानकावर येतच नाही, ती माणसे कोणत्याच तक्त्यात नसतात. आणि मग त्याच तक्त्याच्या आधारे मागणी नसल्याचा निष्कर्ष काढून फेऱ्या कमी केल्या जातात.

इंग्लंडच्या उत्तरेकडील सेटल ते कार्लाइल या सुमारे 116 किलोमीटरच्या मार्गाची कथा या दृष्टीने मुद्दाम वाचण्यासारखी आहे. 1970 मध्ये त्यावरील बहुतेक लहान स्थानके बंद झाली, साहजिकच स्थानिक प्रवासी उरले नाहीत आणि 1980 च्या दशकात सगळा मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव आला. दरम्यान, 1975 पासून तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या पुढाकाराने बंद स्थानकांवर थांबणाऱ्या खास गाड्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांना प्रवासी मिळत होते. 1986 मध्ये आठ स्थानके पुन्हा उघडली गेली. लोकांनी हजारोंच्या संख्येने हरकती नोंदवल्या. त्यांत रीतसर भाडे भरून प्रवास करणाऱ्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. अखेर 1989 मध्ये सरकारने मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. ज्या मार्गाला मागणी नाही असे म्हटले जात होते, तो आज चालू आहे.

त्याच देशात डेव्हन आणि कॉर्नवॉल भागात 1991 पासून स्थानिक शासन, रेल्वे आणि प्लिमथ विद्यापीठ यांची भागीदारी शाखामार्गांसाठी काम करू लागली, आणि 2004 मध्ये अशा भागीदाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर झाले. जपानमध्ये 2006 साली एका मोठ्या कंपनीने सोडून दिलेला किशिगावा हा 14.3 किलोमीटरचा मार्ग रहिवाशांच्या आग्रहामुळे आणि स्थानिक शासनाच्या मदतीने नव्या कंपनीकडे गेला. पुढे तेथील एका मांजरीला स्टेशनमास्तर नेमल्याने तो जगभर गाजला. मांजरीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तिच्याआधी रहिवाशांनी घेतलेले कष्ट फारसे कोणाला ठाऊक नसतात.

मात्र लोकसहभागाचा एक सोयीस्कर अर्थही लावला जातो, त्यापासून सावध राहिले पाहिजे. स्थानकावर झाडे लावणे, भिंती रंगवणे, सुट्टीच्या दिवशी फलाट झाडणे ही कामे स्वयंसेवकांनी आनंदाने करावीत. त्यामुळे स्थानक आपले वाटू लागते, हेही खरे. पण स्वच्छतागृहाला पाणी, रात्री दिवे आणि तिकीटखिडकीवर माणूस ही रेल्वेची जबाबदारी आहे. ती लोकांच्या उत्साहावर ढकलून कर्मचारी कमी करायचे, याला सहभाग म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण आमच्याच बाजूची आहे. प्रवाशांच्या वतीने बोलणारे बहुधा माझ्यासारखे निवृत्त किंवा कार्यालयात जाणारे पुरुष असतात, आणि आम्हाला सकाळच्या नोकरदार गाडीपलीकडची रेल्वे सहसा दिसत नाही. दुपारच्या गाडीने परतणारी विद्यार्थिनी, रात्रपाळीचा कामगार, रुग्णासोबत येणारा नातेवाईक, व्हीलचेअर वापरणारा प्रवासी यांना सल्लागार समितीत ठरवून जागा दिली नाही, तर एका मूठभर गटाची सोय संपूर्ण गावाची मागणी म्हणून पुढे जाईल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रादेशिक गाड्यांच्या वेळापत्रकाचा मसुदा लागू होण्याच्या किमान चार महिने आधी प्रत्येक स्थानकावर लावावा आणि सोबत क्रॉसिंग, रेक व देखभालीच्या वेळा यांची सोप्या भाषेत माहिती द्यावी. सूचना घेण्यासाठीची बैठक संध्याकाळी, शक्य तर स्थानकातच घ्यावी. नाकारलेल्या प्रत्येक सूचनेचे कारण लेखी कळवावे, मग ते दोन ओळींचे का असेना. ‘या स्थानकावर लूप लाइन नाही’ असे उत्तर मिळाले, तर पुढल्या वेळी आम्ही थांब्यासाठी भांडण्याऐवजी लूप लाइनसाठी निधी मागू.

आपला,
एक नियमित रेल्वेप्रवासी