क्रमवारीचा दुसरा निकष गाळला जात असल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय : आपल्या ओआरएम (कोडमधून डेटाबेस हाताळणाऱ्या) लायब्ररीतून येणाऱ्या निकालांची चुकीची क्रमवारी

महोदय/महोदया,

आपल्या लायब्ररीचा सशुल्क परवाना आमच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात आमच्या एका वापरकर्त्याने कळवलं की यादीच्या पहिल्या पानावरची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते, आणि त्याची स्वतःची नोंद कुठल्याच पानावर नाही. डेटाबेसमध्ये ती नोंद जागच्या जागी होती.

दोन दिवस आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधली. शेवटी लॉगमध्ये प्रत्यक्ष एसक्यूएल (डेटाबेसला गेलेली आज्ञा) पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. आम्ही आधी तारीख आणि मग आयडी असे दोन निकष दिले होते. संबंधित टेबल जॉइन केलं, म्हणजे क्वेरीत जोडलं, की आपली लायब्ररी ऑर्डर बायमध्ये (क्रमवारी ठरवणाऱ्या भागात) फक्त तारीख ठेवते, आयडी गाळते. एरर नाही, लॉगमध्ये साधी सूचनाही नाही.

एकाच तारखेच्या शंभर नोंदी असतील तर त्यांचा आपसातला क्रम काय असावा, याची हमी डेटाबेस देत नाही. लिमिट (किती नोंदी हव्यात) आणि ऑफसेट (आधीच्या किती सोडायच्या) लावून मागवलेलं प्रत्येक पान ही वेगळी क्वेरी असते, त्यामुळे तो क्रम दर वेळी बदलू शकतो. हे टाळण्यासाठीच तर आम्ही आयडी दिला होता! चाचणीत नोंदी मोजक्या होत्या, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसलं.

हे कोडसह कळवल्यावर आपल्याकडून पहिलं उत्तर आलं, “क्वेरीला ऑर्डर बाय लावा.” पाठवलेला कोड कुणी वाचला नसावा. दुसरं उत्तर, सगळ्या नोंदी मेमरीत आणून तिथे सॉर्ट करा. वीस ओळी दाखवायला लाखो ओळी ओढायच्या आणि तारखेवरचा इंडेक्स (नोंदी झटपट काढून देणारी सूची) वाया घालवायचा, हा उपाय आम्हाला मान्य नाही. त्यानंतर आमच्या तक्रारीचं तिकीट बंद करण्यात आलं.

आणखी एक. चढत्या क्रमात नल (रिकामी मूल्यं) नेहमी शेवटी येतात, असं आपल्या माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते खरं आहे. मायएसक्यूएलमध्ये ते सुरुवातीला येतात. आपण दोन्हींना पाठिंबा देता, तेव्हा हे वाक्य दुरुस्त करा.

तिकीट पुन्हा उघडावं आणि दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येईल ते लेखी कळवावं. तोपर्यंत निदान निकष गाळताना एरर तरी द्यावी. चूक घडवून दाखवणारा छोटा कोड आणि तयार झालेलं एसक्यूएल सोबत जोडलं आहे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक