थंडावा कमी म्हणजे गॅस संपला, असे नव्हे

महोदय,

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की नागपुरातील गॅरेजांपुढे एसीची तक्रार असलेल्या गाड्यांची रांग लागते आणि अनेकांना ‘गॅस संपला’ एवढेच सांगितले जाते. वस्तुतः हा गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो, पेट्रोलसारखा जळत नाही. तो बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता पुन्हा गॅस भरणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

तपासणी अवघड नाही. गाडी सावलीत उभी करून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून, आतलीच हवा फिरवणारे बटण दाबून, इंजिन मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवून डॅशबोर्डवरील हवा येणाऱ्या मधल्या जाळीत दहा मिनिटे थर्मामीटर ठेवावा. बाहेर ४५ अंश असताना ५ अंशांची अपेक्षा धरू नये, परंतु हवा बाहेरच्यापेक्षा किमान २० अंशांनी तरी थंड असावी. उभ्या गाडीत कोमट आणि धावताना थंड हवा येत असेल, तर धुळीने भरलेला कंडेन्सर (गॅसमधील उष्णता बाहेर टाकणारा गाडीच्या पुढचा भाग) किंवा त्याचा पंखा आधी पाहावा. आपल्याकडील उन्हाळी धूळ पाहता हे विशेष महत्त्वाचे. झोतच मंद असेल, तर आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर तपासावा.

दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे तापमान बिलावर लिहून देणे गॅरेजचालकांनी सुरू करावे आणि ग्राहकांनीही तसा आग्रह धरावा, ही विनंती.

– एक वाहनचालक, प्रतापनगर, नागपूर