शनिवारच्या बैठकीस उतारा व उत्तरे आणण्याबाबत

बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या सर्व सभासद विषयशिक्षकांना विनंती की, शनिवारच्या बैठकीस आपल्या पाठ्यपुस्तकातील एक उतारा व त्यावर विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली पाच उत्तरे आणावीत. वाचन-लेखन शिकवणे हे केवळ भाषाशिक्षकांचे काम नाही. माझ्या नववीच्या वर्गात आकडेमोड पक्की असलेल्या मुलीने ‘४०० रुपयांची किंमत २० टक्क्यांनी कमी झाली’ हे ‘२० टक्के झाली’ असे वाचले आणि ३२० ऐवजी ८० रुपये उत्तर काढले. विज्ञानशिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण कन्नडमध्ये ‘शक्ती’ म्हणजे आपली ‘ऊर्जा’, तर मराठी भौतिकशास्त्रातील ‘शक्ती’ला (कार्य करण्याच्या दराला) तिकडे ‘सामर्थ्य’ म्हणतात. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक फळ्यावर लिहूनच दाखवावा लागतो. उत्तरपत्रिकांवरील नावे झाकावीत.