अमेरिकेतल्या घटस्फोटाची सही-शिक्क्याची नक्कल काउंटीकडून स्वतः मागवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीची बहुतेक वर्षे मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात काढली. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. नक्कल विभागातली बाई म्हणून ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन येतात. अलीकडे त्यातले बरेच एकाच कागदासाठी असतात, तो म्हणजे अमेरिकेत झालेल्या घटस्फोटाचा निकाल. मुलगी परत आलेली असते, दुसरे लग्न ठरत असते, विवाह नोंदणीला प्रमाणित प्रत हवी असते किंवा पासपोर्टमधून नवऱ्याचे नाव काढायचे असते, आणि घरात असते फक्त वकिलाने ई-मेलने धाडलेली पीडीएफ. सांगलीकडच्या एका आईला या एका कागदासाठी एजंटाने पंचेचाळीस हजार रुपये सांगितले. ते ऐकल्यावर मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

हा कागद वॉशिंग्टनला नसतो आणि भारतीय दूतावासातही नसतो. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा हे सगळे तिथे राज्याच्या न्यायालयांचे काम आहे आणि फाईल राहते ती दावा ज्या काउंटीत (म्हणजे राज्यातल्या आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) चालला तिथल्या क्लार्ककडे, म्हणजे न्यायालयाचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. म्हणून पहिला प्रश्न काउंटीचा. आईवडिलांना शहराचे नाव ठाऊक असते, काउंटीचे नसते. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येते आणि तिचे न्यायालय न्यू ब्रन्सविकला आहे; जर्सी सिटी हडसन काउंटीत येते. कॅलिफोर्नियात सनीव्हेल सांता क्लारा काउंटीत आहे, तर जवळचेच फ्रीमाँट अलामेडात. शिकागोजवळचे नेपरव्हिल तर ड्युपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत विभागलेले आहे. तेव्हा दावा दाखल झाला तेव्हा दोघांपैकी कोण कुठे राहत होते, तो जुना पत्ता शोधा आणि त्यावरून काउंटी काढा.

न्यायालयाच्या नावावरही जाऊ नये. न्यूयॉर्क राज्यात फॅमिली कोर्ट नावाचे न्यायालय आहे, पण ते घटस्फोट देत नाही; मुलांचा ताबा, पोटगी असे विषय तिथे चालतात. घटस्फोट देते ते तिथले सुप्रीम कोर्ट (नाव असे असले तरी हे राज्याचे सर्वोच्च न्यायालय नव्हे), आणि त्याची फाईल असते काउंटी क्लार्ककडे. टेक्सासात काउंटी क्लार्क लग्नाचा परवाना देतो, घटस्फोटाचा निकाल मात्र डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे मागावा लागतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत सुपिरिअर कोर्टाचा कुटुंबविषयक विभाग हे काम पाहतो. न्यू जर्सीत जुन्या फायली ट्रेंटनच्या रेकॉर्ड सेंटरमध्ये हलवलेल्या असतात, त्यामुळे काउंटीने ‘इथे नाही’ म्हटले तर फाईल हरवली असे समजून घाबरू नये.

त्यानंतर दावा क्रमांक. आपल्याकडे नक्कल अर्जावर तो नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, तिथेही तो असला की काम झपाट्याने होते. वकिलाच्या कुठल्याही पत्रावर किंवा त्या पीडीएफच्या पहिल्या पानावर तो छापलेला असतो. न्यू जर्सीत घटस्फोटाचा क्रमांक ‘एफएम’ने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे काउंटी सांगतात: ०९ म्हणजे हडसन, १२ म्हणजे मिडलसेक्स. ‘एफडी’ दिसले तर तो घटस्फोटाबाहेरचा, ताब्याचा किंवा पोटगीचा अर्ज असतो. ‘एफव्ही’ म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण. एकाच जोडप्याच्या नावावर हे तिन्ही असू शकतात.

क्रमांक नसेल तर नावावरून शोध घेता येतो. मात्र आपल्या नावांचा तिथे फार घोळ होतो. मधले नाव कधी वडिलांचे, कधी नवऱ्याचे. आडनाव लग्नाआधीचे की नंतरचे, हेही कागदागणिक बदलते. क्षीरसागर, देशमुख अशा आडनावांची स्पेलिंगे तर जितके कागद तितकी सापडतील. जेवढी स्पेलिंगे आणि आडनावे वापरात होती, ती सगळी अर्जात लिहा आणि निकालाचे अंदाजे वर्ष द्या. कॅलिफोर्नियात अशा शोधाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर वेगळे शुल्क पडते.

संगणकावर शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ‘पेसर’ नावाची जी सरकारी व्यवस्था आहे ती फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयांची आहे, तिच्यात घटस्फोट सापडणार नाहीत. आणि ‘कोणाचाही घटस्फोट पाच मिनिटांत’ अशा जाहिराती करणाऱ्या खासगी साइट पैसे घेऊन फार तर नाव आणि तारीख दाखवतात. त्या छापील पानाला ना सही असते ना शिक्का. काउंटीच्या स्वतःच्या साइटवर दाव्याची नोंद बहुधा दिसते, पण कागद दिसतीलच असे नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार कौटुंबिक दाव्यांतली कागदपत्रे सर्वसामान्य लोकांना घरबसल्या दाखवत नाहीत, ती न्यायालयात जाऊनच पाहावी लागतात.

आता नेमके काय मागायचे? इथे माझा जुना अनुभव बोलतो. अर्जात नुसते ‘घटस्फोटाचे कागद’ असे लिहू नका. ‘फायनल जजमेंट ऑफ डिव्होर्स, सर्टिफाइड, शिक्क्यासह’ असे लिहा. कॅलिफोर्नियात हा कागद ‘एफएल-१८०’ या नमुन्यावर असतो आणि विवाह कोणत्या तारखेला संपला ते त्यावर लिहिलेले असते. ‘एफएल-१९०’ ही निकाल नोंदवल्याची नुसती सूचना. अनेक घरांत तीच जपून ठेवलेली मी पाहिली. काही राज्यांचा आरोग्य विभाग घटस्फोटाचे प्रमाणपत्र देतो, न्यूयॉर्कमध्ये ते १९६३ पासूनचे मिळते. पण त्यात निकालाचा मजकूर नसतो. न्यू जर्सीचा आरोग्य विभाग घटस्फोटाच्या नोंदी ठेवतच नाही.

निकालाबरोबर आणखी दोन कागद मागा, ही माझी आग्रहाची विनंती आहे: समन्स बजावल्याचा पुरावा, आणि समोरच्या पक्षाने दिलेले उत्तर किंवा हजेरीची नोंद. कारण सांगते. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वाय. नरसिंह राव (माजी पंतप्रधान नव्हेत) यांच्या खटल्यात मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट मान्य केला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्यातले कारण नसेल, किंवा समोरचा पक्ष स्वेच्छेने हजर राहून लढला नसेल वा त्याने संमती दिली नसेल, तर परदेशी निकाल इथे टिकत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे उद्या कोणी हरकत घेतली तर नवरा किंवा बायको तिथे हजर होती का, याचा पुरावा लागणार, आणि तो त्याच काउंटीच्या फाईलमध्ये आहे. त्याच निकालात नकलेचाही मुद्दा होता. डेप्युटी क्लार्कने प्रमाणित केलेली प्रत केवळ झेरॉक्स आहे म्हणून पुराव्यातून बाद होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपला निकाल भारतात टिकेल की नाही हे मात्र वकिलालाच विचारा. ते सांगणे नक्कल विभागाच्या बाईचे काम नव्हे.

खर्च किती, तर कॅलिफोर्नियाच्या शुल्कपत्रकात घटस्फोटाचा निकाल प्रमाणित करण्याचे १५ डॉलर आणि झेरॉक्सचे पानाला ५० सेंट आहेत. पंचेचाळीस हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. अडचण येते ती पैसे पोचवण्याची. भारतातल्या बँकेचा चेक तिथे चालत नाही आणि परतीच्या पाकिटावर अमेरिकेची तिकिटे लागतात. त्यामुळे तिकडचा एखादा नातेवाईक, मैत्रीण किंवा जुना शेजारी गाठावा. त्याने मनीऑर्डर आणि पाकीट जोडून अर्ज टपालाने पाठवला की पुरते. न्यूयॉर्कमध्ये मात्र घटस्फोटाची फाईल शंभर वर्षे बंद असते, पती-पत्नी आणि त्यांचे वकील यांनाच ती खुली. तिथे दुसऱ्याला पाठवायचे तर नोटरी केलेले अधिकारपत्र द्यावे लागते. इतर राज्यांत निकाल सहसा कोणालाही मागता येतो. दत्तक प्रकरणे, कौटुंबिक हिंसाचार, मुलांच्या ताब्याबाबतचे तज्ज्ञांचे अहवाल आणि आर्थिक माहितीचे तक्ते मात्र न्यू जर्सीत बाहेरच्यांना मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रत हातात आली की भारतात वापरण्यासाठी तिला अपोस्टिल लागते, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला दाखला. भारत या करारात २००५ पासून आहे. ती ज्या राज्याचे न्यायालय त्याच राज्याकडून घ्यायची असते. कॅलिफोर्नियात सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय २० डॉलरला देते, न्यू जर्सीत हे काम ट्रेझरी विभागाकडे आहे. शिक्का आणि क्लार्कची सही असलेली प्रतच तिथे चालते, म्हणून आधी नक्कल आणि मग अपोस्टिल हा क्रम मोडू नये. एक प्रत नोंदणी कार्यालयात अडकली की दुसरी लागतेच, म्हणून दोन-तीन प्रती एकदमच घ्याव्यात.

यात सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मुलगी अमेरिका सोडण्यापूर्वीच काउंटीच्या खिडकीवरून या प्रती घेणे. पण त्या दिवसांत तिच्या मनाची अवस्था काय असते ते मी जवळून पाहिले आहे; सामान कसेबसे भरून ती विमानात बसते. तिला कागदाचे भान राहत नाही म्हणून तिला बोल लावू नका. हे भान आजूबाजूच्यांनी ठेवायचे असते. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे की, प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या काउंट्यांची न्यायालये, त्यांचे अर्जाचे नमुने आणि शुल्क एका पानावर मराठीत लिहून ठेवावे, आणि भारतातून कोणी विचारले तर टपालाचा अर्ज टाकून देईल असा एक माणूस नेमावा. मिडलसेक्स आणि हडसन या दोन काउंट्यांचे पान मी लिहून दिले आहे. ज्या मंडळाला हवे असेल त्याने आपल्या (संपादकांच्या) कार्यालयामार्फत मागवावे.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
(सध्या एडिसन, न्यू जर्सी. नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)